विमान, विमा आणि वय

परवा विचिटाहून मावसभावाचा फोन आला. हे शहर अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, सेसना विमानांचे माहेरघर. भाऊ इंजिनिअर म्हणून तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. त्याच्याकडे एक छोटे, चार जणांचे सेसना १७२ आहे, १९७७ सालचे. स्वारी नाराज होती.

"दादा, यंदा विमा अडलाय. वय ७३ झाले ना! डॉक्टरांचा दाखला आणा, शिक्षकाला शेजारी बसवून उडवून दाखवा, म्हणतात. इतक्या वर्षांत विमानाला साधा ओरखडा नाही!"

तिथे खाजगी विमानाला विम्याची सक्ती केंद्राच्या कायद्यात नाही. पण विमान ठेवायला जागा देणारे विम्याचा कागद मागतात. शिवाय विमान कुणाच्या घरावर पडले तर भरपाईत आपले घर जायचे, ही धास्ती.

इतिहासाचा मास्तर मी, लगेच पुस्तके काढून बसलो. लंडनच्या लॉइड्समध्ये विमानाचा पहिला विमा १९११ साली उतरवला गेला. पुढच्याच वर्षी एका हवाई मेळाव्यात हवा बिघडली, विमाने पडली आणि विमेवाल्यांनी हात आखडता घेतला. अमेरिकेत १९२८ साली विमान विम्याचा एक मोठा गट उभा राहिला. त्याच्या दोन संस्थापकांपैकी रीड चेंबर्स हे पहिल्या महायुद्धातले लढाऊ वैमानिक. म्हणजे आकाशातला धोका स्वतः अनुभवलेला माणूस!

पण मला खरी गंमत वाटली ती पुढची. १९७८ साली अमेरिकेत सतरा हजारांवर छोटी-मोठी खाजगी विमाने तयार झाली. १९९४ साली हजारसुद्धा नाहीत. मंदी, महाग इंधन ही कारणे होतीच. पण अपघात झाला की वीस-तीस वर्षांपूर्वी विमान बनवणाऱ्या कारखान्यावरही दावे लागत आणि कारखान्यांचा विम्याचा खर्च भडके. सेसनाने १९८६ साली छोटी विमाने बनवणेच थांबवले. शेवटी ऑगस्ट १९९४ मध्ये कायदा झाला: काही अपवाद सोडता, विमान १८ वर्षांचे झाले की बनवणाऱ्यावर दावा नाही. १९९६ साली सेसनाचा नवा कारखाना कॅन्ससमध्येच सुरू झाला.

म्हणजे पाहा, वय वाढले की कारखाना जबाबदारीतून सुटतो. उडवणाऱ्याचे वय वाढले की त्याची जबाबदारी मात्र वाढत जाते. भावाला हा अन्याय वाटतो. मला तसे वाटले नाही. गेल्या दिवाळीत माझ्या मुलाने माझ्या स्कूटरची किल्ली न विचारता लपवून ठेवली. निदान त्याला कुणी परीक्षा तरी देऊ करते आहे!

मी त्याला म्हटले, "अरे, मी जन्मभर परीक्षा घेतल्या. परीक्षेला बसणे म्हणजे अपमान नव्हे. न विचारताच नापास करणे, हा अपमान."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रविवारी बसतो."

निकाल कळला की इथे लिहीनच.