तमाशातील आवाज आणि भूमिका

पाश्चात्त्य ऑपेरात सोप्रानो, टेनर, बास अशा आवाजाच्या जातीवरून भूमिका ठरते. येडगावनजीकच्या नारायणगावात, म्हणजे तमाशापंढरीत, भूमिकेप्रमाणे आवाज घडतो. गण गाणाऱ्या सरदाराचा म्हणजे शाहिराचा स्वर खडा असतो. मागचे सुरते तुणतुणे व झांजेच्या साथीने उंच पट्टीत झील धरतात. गौळणीत गवळणींचा स्वर लाडिक, तर पुरुष कलावंताने रंगविलेली मावशी भरड आवाजात हसविते. सोंगाड्याला गळ्यापेक्षा हजरजबाबीपणा हवा. ढोलकी-हलगीच्या कडकडाटातही शब्द शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचणे, ही या गायकीची कसोटी. विठाबाई नारायणगावकर (निधन २००२) यांची लावणी त्या कसोटीवर गाजली. ध्वनिक्षेपकाने आवाजाचे कष्ट हलके केले. मात्र झील हरपल्यास शाहिराला दम घेण्याची उसंतच उरणार नाही.