सिल्फियम : एका वनस्पतीचा अंत

राज्ये कशी बुडाली हे इतिहास विस्ताराने सांगतो. एखादी वनस्पती कशी नाहीशी झाली हे मात्र क्वचितच सांगतो. सिल्फियम हा त्याला एक अपवाद.

आजच्या लिबियाच्या किनाऱ्यानजीक, थीरा बेटावरून आलेल्या ग्रीकांनी इ. स. पू. ६३१ च्या सुमारास सायरीनी हे नगर वसविले. तेथील रानात सिल्फियम आपोआप उगवे. त्याच्या मुळातून व दांड्यातून निघणारा चीक स्वयंपाकात मसाला म्हणून आणि औषध म्हणून दूरदूर विकला जाई. त्यावर नगर इतके संपन्न झाले की, त्याने आपल्या नाण्यांवर हेच झाड कोरले.

हे झाड लागवडीला दाद देत नसे. जे रानात उगवेल तेवढेच. सायरीनीकरांना याची जाण होती. थिओफ्रास्टस या ग्रीक पंडिताने इ. स. पू. ३०० च्या सुमारास लिहून ठेवले आहे की, खाणीत वाटे ठरवावेत तसे मुळे कापण्याचे प्रमाण तेथे ठरलेले असे. मागे किती कापले आणि पुढे किती वाढले हे पाहूनच कापणी होई. अधिक कापण्यास मनाई होती.

पुढे राज्य बदलले. इ. स. पू. ९६ मध्ये तेथील राजाने मृत्युपत्राने आपला मुलूख रोमला दिला. रोमन पंडित प्लिनी सांगतो की, कुरणे मक्त्याने घेणाऱ्या इजारदारांनी तेथे मेंढ्या चारल्या, कारण त्यात नफा अधिक होता. वास्तविक हा चीक चांदीच्या भावाने विकला जाई. इ. स. पू. ४९ मध्ये सीझरने सरकारी खजिन्यातून सोन्यारुप्याबरोबर या चिकाचे १५०० रत्तल उचलले होते! पण प्लिनीच्या हयातीत झाडाचा एकच दांडा सापडला आणि तो सम्राट नीरोकडे नजराणा म्हणून गेला.

श्रोतेहो, वस्तू महाग झाली म्हणजे लोक ती आपोआप जपतात, असे आपण समजतो. येथे तसे घडले नाही. काही अभ्यासक हवामानातील बदलालाही दोष देतात, तो असेलही. पण ज्याचा मक्ता चार दिवसांचा, त्याला पुढच्या पिढीच्या मुळांशी काय कर्तव्य? नियम करणारे आणि रान वापरणारे जोवर एकच होते, तोवर झाड टिकले, असे आम्हांस वाटते.

रोमनांनी मग इराणकडचा हलका चीक वापरला. तो हिंग असावा, असे मानतात. म्हणजे आपल्या फोडणीतला हिंग हा त्या हरवलेल्या झाडाचा बदली कामगार!

२०२१ मध्ये इस्तंबूल विद्यापीठाचे महमूत मिस्की यांनी तुर्कस्तानातील, हिंगाच्याच जातकुळीतील फेरुला ड्रुडियाना हेच सिल्फियम असावे, असे सुचविले. हे सिद्ध झालेले नाही. पण ती वनस्पतीही मोजक्याच ठिकाणी रानात उरली आहे. ती सिल्फियम ठरो वा न ठरो, तिच्या मुळांवर सायरीनीचा जुना नियम लागू व्हावा. नाहीतर तिचेही चित्र पुढे नाण्यांवरच पाहावे लागेल.