अज्ञात फळ : कुस्कोची गल्ली आणि अकोल्याचा बाजार



परदेशी सहलीला जाणाऱ्या आपल्या लेकी-सुनांच्या तोंडी हल्ली 'फूड वॉक' हा शब्द असतो. जुन्या शहरात एक वाटाड्या पाच-दहा जणांना पायी फिरवतो, बाजारात, दुकानांपाशी थांबतो, पदार्थ चाखायला देतो आणि त्याची माहिती सांगतो. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातले कुस्को हे अशा फेऱ्यांसाठी प्रसिद्ध शहर. "आपण तिथे जाऊन खाणार काय?" असे आपल्यापैकी बहुतेकजणी लगेच विचारतील. मला वाटते, त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. तिथले किती पदार्थ आपण रोज घरी खातो?

कुस्को ही इंका राजांची राजधानी. अँडीज पर्वतात सुमारे ३,४०० मीटर उंचीवर वसलेली. आपल्या तालुक्यातले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, म्हणजे एका कळसूबाईवर दुसरी ठेवली तरी कुस्को थोडे वरच राहील. १५३३ मध्ये स्पॅनिश सैन्य तिथे शिरले. इंकांच्या दगडी भिंतींवरच त्यांनी चर्च आणि वाडे उभे केले. १९८३ पासून हे शहर जागतिक वारशाच्या यादीत आहे.

तिथल्या फूड वॉकमध्ये सान पेद्रो मंडई बहुधा असतेच. ही मंडई १९२५ सालची. तिथे मक्याची मोठमोठ्या दाण्यांची कणसे, किनोआ, मिरच्या आणि नाना रंगांचे बटाटे मांडलेले असतात. अँडीज पर्वतात बटाट्याच्या चार हजारांहून जास्त देशी जाती आहेत. त्यांचे वाळवणही होते. रात्रीच्या कडाक्यात बटाटे गोठवायचे, पायांनी तुडवून पाणी काढायचे आणि उन्हात खडखडीत वाळवायचे. त्याला 'चुन्यो' म्हणतात, तो वर्षानुवर्षे टिकतो. आपल्या मारवाडातल्या बायकांनी केर-सांगरी वाळवली ती दुष्काळासाठी आणि तिथी पाळण्यासाठी. डोंगरातल्या त्या बायकांनी बटाटा वाळवला तो उपाशी महिन्यांसाठी. साठवणीची काळजी दोन्हीकडे सारखीच.

आता अकोल्याच्या बाजारात फिरू या. पण हातात एक कसोटी असू द्या. बावीस अभक्ष्यांत 'अज्ञात फळ' आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ज्याचे नाव-गुण माहीत नाहीत ते खायचे नाही. वंकचूलाची कथा तुम्हाला आठवत असेलच. बाकीच्या चोरांनी किंपाक फळे खाल्ली आणि ते मेले, नियमामुळे हा वाचला. कोणे एके काळी आपल्या बाजारातल्या कितीतरी वस्तू आपल्या पूर्वजांना अज्ञात फळच होत्या.

पहिला थांबा मिरचीच्या ढिगापाशी. मिरचीचे मूळ कूळ अँडीजच्या बाजूचे, आपल्याकडे आलेली जात मेक्सिकोत लागवडीखाली आलेली. १४९० मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीची सुरुवात झाली, तेव्हा कोलंबसने समुद्र ओलांडलेला नव्हता. तो निघाला १४९२ मध्ये. म्हणजे निजामशाहीच्या आरंभी आपल्या जिल्ह्यात कोणाच्याही भाजीत मिरची नव्हती. प्रवरेकाठचे आपले सिद्धेश्वर मंदिर तर त्याहून जुने. ते घडवणाऱ्या कारागिरांच्या जेवणात तिखटपणा असेल तो मिरे, पिंपळी, आले, मोहरीचा. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि त्याच शतकात त्यांच्या जहाजांतून मिरची इकडे आली. मिऱ्यासारखी झणझणीत म्हणून आपण तिला नावही मिऱ्यावरूनच दिले.

शेजारी टोमॅटोचे क्रेट. आज अकोले-संगमनेर पट्ट्यात शेतकऱ्याचे वर्ष टोमॅटोच्या भावावर ठरते, पण त्याचे रानटी पूर्वज अँडीजच्या उतारावरचे.

पुढे वडापावची गाडी. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. 'आलू' हा शब्द मात्र संस्कृतात जुना आहे, पण तो दुसऱ्याच कंदांसाठी वापरला जाई. आपल्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुली इथेच अडवतात. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात 'योगशास्त्र' लिहिले, तेव्हा भारतात बटाटा नव्हताच, मग तो निषिद्ध कसा? प्रश्न रास्त आहे, त्यावर रागावू नये. उत्तर बटाट्यातच आहे. बटाट्याला डोळे असतात. शेतकरी त्याचे तुकडे करून बेणे लावतो आणि डोळा असलेल्या प्रत्येक तुकड्यातून वेगळे झाड उगवते. एका देहात अनेक जीव, म्हणजे अनंतकाय, ही ओळख आपल्याकडे सुरण, आले, लसूण यांच्यामुळे आधीपासून होती. नवा पाहुणा आला, त्याचे लक्षण पाहिले आणि त्याच ओळीत बसवले.

"परदेशी म्हणून नाकारला," असे कोणी म्हणाले तर तिला किराणा दुकानात न्या आणि शेंगदाण्याचे पोते दाखवा. भुईमुगाचे मूळ अँडीजच्या पूर्व पायथ्याचे, आजच्या बोलिव्हिया-अर्जेंटिनाकडचे. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर सिपान इथे १९८७ मध्ये एका राजाची सुमारे १,७०० वर्षांपूर्वीची समाधी सापडली. त्याच्या गळ्यात सोन्याचांदीच्या शेंगांचा हार होता! असा हा परदेशी शेंगदाणा, शिवाय जमिनीखाली वाढणारा, तरीही आपल्याकडे चटणीत, कुटात, चिक्कीत घरचा झाला. कारण तो कंद नाही. भुईमुगाचे पिवळे फूल जमिनीवर येते, मग आऱ्या सुटतात, त्या मातीत शिरतात आणि तिथे शेंग भरते. म्हणजे ते फळ आहे. हे कोणी तरी शेतात उभे राहून पाहिले असले पाहिजे. नुसते 'मातीतले' म्हणून सगळे एका खात्यात टाकले नाही.

उलट वांगे पाहा. अस्सल आपल्या देशातले, पण बावीस अभक्ष्यांत त्याचे नाव आहे. देशी वांगे बाहेर आणि अँडीजची शेंग आत, हा हिशेब मांडला की मुलींनाही पटते. वस्तू कुठून आली आणि किती जुनी, हे आपल्या नियमाने विचारले नाही. तिच्यात जीव किती आणि कसा, एवढेच विचारले.

त्याच दुकानात राजगिरा आहे. इतर भगिनींच्या उपवासाचा हा पदार्थ. आपल्या उपवासात पाण्याशिवाय काही नाही, पण एरवी लाडू आपणही खातो. राजगिराही मूळचा अमेरिकेचा, असे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. अँडीजमध्ये त्याच्या भावंडाला 'किविचा' म्हणतात. त्याच्याही लाह्या फोडून गोड वड्या करतात. आणि मॉलमध्ये महागड्या पाकिटात मिळणारा किनोआ? तो आपल्या चाकवताचा जवळचा नातलग. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे वर्ष त्याच्या नावे साजरे केले. त्याच्या दाण्यावर कडवट थर असतो, म्हणून फेस जाईपर्यंत चोळून धुवावा लागतो. नाते कळले, गुण कळले, की तो अज्ञात राहत नाही.

शेवटचा थांबा डोंगराकडून आलेल्या बायांपाशी. त्यांच्याकडे नागली, वरई, गावठी वाल असतात. आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपल्याबद्दल २०२० सालची पद्मश्री मिळाली. कुस्कोजवळ पिसाकच्या डोंगरातले शेतकरीही असेच बटाट्याच्या देशी जाती राखतात. बी सांभाळणाऱ्या माणसाला प्रत्येक जातीचे नाव आणि स्वभाव माहीत असतो. आपण मात्र पाकिटावरची किंमत वाचतो आणि घेऊन येतो.

कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या अखेरच्या भोजनाचे एक चित्र आहे. मार्कोस सापाता या स्थानिक चित्रकाराने ताटात तिथल्या डोंगरातला प्राणी रंगवला आहे. बाहेरून आलेल्या धर्माच्या ताटात त्याने तिथला पदार्थ ठेवला. आपल्याकडे बाहेरून पदार्थ आला आणि तो ताटात घ्यायचा की नाही हे आपल्या धर्माने पाहिले. तपासण्याचे रोजचे काम पडले चुलीपाशी बसलेल्या बायकांवर, आणि त्यांनी ते चोख केले.

म्हणून लेकी फूड वॉकला निघाल्या तर त्यांना अडवू नका, तीन प्रश्न शिकवून पाठवा. याचे नाव काय? हा झाडाचा कोणता भाग आहे? यात आणखी काय घातले आहे? कुस्कोची मक्याची 'चिचा' समोर आली तर ती आंबवलेली आहे, हे तिसऱ्या प्रश्नातच कळेल. चांगला वाटाड्या या प्रश्नांनी खूशच होतो. आणि सुट्टीत नातवंडे आली की त्यांना पिशवी देऊन आपल्याच बाजारात एक फेरी मारा. प्रत्येक घराचा, संप्रदायाचा नियम थोडा वेगळा असेल. शंका राहिली तर चातुर्मासात महाराजसाहेबांना विचारता येईल.