फाब्रिकेची वही आणि पॅरिश कौन्सिलचे वर्ष

धर्मग्रामाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखणी सहजच पायाभरणीकडे, महागुरूंच्या भेटींकडे व एकामागून एक आलेल्या धर्मगुरूंच्या नामावळीकडे वळते. ही माहिती या स्मरणिकेत अन्यत्र आहेच. आम्ही येथे एका रुक्ष वाटणाऱ्या विषयास हात घालीत आहो : गावच्या प्रापंचिक मंडळींनी मंदिराचा कारभार वर्षानुवर्षे कसा पाहिला, आणि त्याचा जाब कोणास दिला.

पॅरिश कौन्सिल ही अलीकडची टूम आहे, असे आमचे काही वडीलधारे म्हणतात. हे अर्धेच खरे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यामागून फ्रान्सिस्कन व येशूसंघीय मिशनरी या प्रांती आले आणि मंदिरांबरोबर फाब्रिका व कोन्फ्रारिया या दोन संस्था इकडे आल्या. फाब्रिका म्हणजे मुळात बांधकाम. मंदिराची दुरुस्ती, दिव्याचे तेल, मेणबत्त्या, पूजावस्त्रे, घंटा यांचा खर्च ज्या निधीतून चाले तो निधी, आणि तो सांभाळणारी मंडळी, या दोहोंसही तेच नाव पडले. कोन्फ्रारिया म्हणजे बंधुसंघ. सण साजरा करावा, मृत बांधवास सन्मानाने मातीआड करावे, त्याच्या आत्म्याकरिता मिस्सा करवावी, ही तिची कामे.

गोव्यात हा कारभार गावकरी संस्थेशी जोडला गेला. गावकऱ्यांच्या जुन्या चालीरीती १५२६ च्या फोरालात अफोंसो मेशिया याने नोंदविल्या होत्या. पुढे गाव ख्रिस्ती झाल्यावर मंदिराचा भार पुष्कळ ठिकाणी त्याच संस्थेने उचलला. परंतु पैशाच्या वाटेनेच मानापमानही आत शिरले. सण कोणत्या घराण्याचा, मिरवणुकीत कोणी कोणत्या रंगाचा झगा घालावा, यावरून कोन्फ्रारियांत जातीजातींचे कलह माजले. एका वेदीभोवती जमणाऱ्या लोकांत झग्याच्या रंगावरून वैर यावे, ही गोष्ट लिहितानाही संकोच होतो. पण ज्युबिलीच्या आनंदात ती झाकून ठेवणे आम्हास योग्य वाटत नाही.

ख्रिस्तसभेस या धोक्याची जाणीव नव्हती असे नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६२ सालच्या सप्टेंबरात, आपल्या बाविसाव्या बैठकीत, असे ठरविले की, फाब्रिका व बंधुसंघ यांचे कारभारी धर्मगुरु असोत वा प्रापंचिक असोत, त्यांनी दरवर्षी आपल्या कारभाराचा हिशेब महागुरूंस द्यावा. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हिशेब द्यावयाचा तो वर, महागुरूंस. ज्यांनी ताटात पै टाकली त्या लोकांस नव्हे.

१७३९ साली वसई मराठ्यांच्या हाती आली. युरोपीय मिशनरी निघून गेले, कित्येक मंदिरे ओस पडली, आणि लोकांच्या आत्म्यांची काळजी गोव्याकडील देशी धर्मगुरूंवर येऊन पडली. अशा दिवसांत गावच्या मंडळींचा हातभार नसता तर मंदिरांत दिवा तेवत राहिला असता असे आम्हास वाटत नाही. पुढे १८८६ साली दमण धर्मप्रांत झाला, १९२८ साली तो मोडून ब्रिटिश अमलातील भाग मुंबईस जोडला गेला, १९९८ साली वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाली. महागुरूंची गादी कोठेही असली तरी मंदिराची कौले पावसाळ्यापूर्वी गावकऱ्यांनीच चाळली.

खरा पालट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने केला. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध झालेल्या प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरील आदेशात, शक्य असेल तर धर्मग्रामातही अशी मंडळे असावीत असे सुचविले गेले. १९८३ च्या धर्मविधिसंहितेने त्यास नियमांचे रूप दिले. नियम ५३६ प्रमाणे महागुरूंस योग्य वाटेल तेथे पॅरिश कौन्सिल असावी. अध्यक्ष धर्मगुरु, आणि मंडळाचे मत केवळ सल्ल्यापुरते. नियम ५३७ प्रमाणे अर्थमंडळ मात्र प्रत्येक धर्मग्रामात असलेच पाहिजे. आणि नियम १२८७ सांगतो की, श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब श्रद्धावंतांसच द्यावा. ट्रेंटपासून येथवर चारशेवर वर्षे लागली.

‘सल्ल्यापुरतेच मत, तर बैठकीस यावे कशाला?’ हा प्रश्न आम्ही पुष्कळदा ऐकला आहे, आणि तो विचारणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. जो धर्मगुरु निर्णय आधी करून सल्ला मागून विचारतो, तो नियमाचे अक्षर पाळून त्याचा प्राण घेतो. पण कौन्सिलच्या वर्षाकडे पाहा. आगमनकाळापासून मंदिराचे वर्ष सुरू होते, सरकारचे एप्रिलपासून, शेतकऱ्याचे मृगापासून. या तिन्हींचा मेळ कोणा एका धर्मगुरूस एकट्याने घालता येईल काय? झावळ्यांच्या रविवारची तयारी, मे महिन्यातील जपमाळ, पहिल्या पावसापूर्वी छपराची डागडुजी, मृतांच्या दिवसाकरिता २ नोव्हेंबरपूर्वी कबरस्तानाची साफसफाई, कोणत्या घरी आजारी आहे व कोणत्या घरी चूल पेटत नाही याची वर्दी, हे सारे मताधिकाराने होत नाही. ते ओळखीने होते. आणि ही ओळख आज बहुतेक आमच्या भगिनींपाशी आहे. जुन्या फाब्रिकेत पुरुषांचा, त्यातही मातबर घराण्यांचाच शब्द चाले. आता माता व तरुण मुली त्याच मेजाशी बसून खर्चाच्या आकड्यावर बोट ठेवतात. आमच्या मते झग्यांच्या भांडणावर याहून चांगले औषध निघालेले नाही.

सार्वजनिक विश्वस्तांसंबंधीच्या १९५० च्या कायद्यामुळे आपले हिशेब दरवर्षी तपासले जातात व धर्मादाय आयुक्तांकडे जातात. ती सरकारची तपासणी झाली, लोकांची निराळी. म्हणून या ज्युबिलीचा जमाखर्च, मंडपापासून या स्मरणिकेच्या छपाईपर्यंत, सण आटोपल्यावर पहिल्या रविवारच्या मिस्सानंतर कौन्सिलचे चिटणीस वाचून दाखवतील व त्याची प्रत मंदिराच्या दारी लावली जाईल. कोणास काही विचारावयाचे असल्यास त्याने तेथेच, सर्वांसमक्ष विचारावे.