ब्लीच, शेणाची जमीन आणि परळमधला एक प्रयोग

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईत काही शास्त्रज्ञांनी शेणाने सारवलेली जमीन मुद्दाम प्लेगच्या जंतूंनी माखली आणि ते वाट पाहत राहिले. जमीन धुतली नाही, तिच्यावर जंतुनाशकही ओतले नाही. ती किती काळ संसर्गकारक राहते, एवढेच त्यांना पाहायचे होते. चुन्याच्या जमिनीवरही त्यांनी हाच प्रयोग केला.

घर स्वच्छ ठेवण्यासाठी ब्लीच खरोखर लागते का, या आजच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या प्रयोगात आहे. त्यासाठी आधी मालवण किनाऱ्यावरचे जुने घर आणि 1896 ची मुंबई या दोन्ही ठिकाणी जावे लागते.

त्या काळचे मालवणी घर म्हणजे जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, पडवी, माजघर आणि पुढे शेणाने सारवलेले खळे. भिंतींना चुन्याचा हात दिलेला असे, आणि किनाऱ्यावर हा चुना बहुधा शिंपले भाजून मिळे. खळे झाडायला माडाच्या हिरांचा खराटा, भांडी घासायला राख आणि नारळाचे सोडण, तांब्या-पितळेसाठी चिंच किंवा आमसूल, कपड्यांसाठी रिठा. या यादीत जंतू मारण्यासाठी म्हणून ठेवलेली एकही वस्तू नाही. जंतू ही कल्पनाच तेव्हा घरात आलेली नव्हती.

ती आली प्लेगबरोबर. सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासियो व्हिएगास यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा रुग्ण ओळखला आणि काही महिन्यांतच जवळपास निम्मे शहर रिकामे झाले. पळणाऱ्यांत गिरणी कामगार मोठ्या संख्येने होते आणि त्यांतले पुष्कळ रत्नागिरी जिल्ह्यातले होते. मालवण तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी वेगळा झाला. चाकरमानी हा शब्द आज गणपतीच्या गर्दीची आठवण करून देतो. त्या वर्षी तोच चाकरमानी जीव मुठीत धरून गावाकडे निघाला होता.

मागे उरलेल्या शहरात सरकारने घरे धुवायला घेतली. गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल, म्हणजे आजचे फिनॉल, सोडण्यात आले. भिंतींना चुना फासला गेला. मर्क्युरी परक्लोराइड या पाऱ्याच्या विषारी क्षाराचे द्रावण खोल्याखोल्यांत मारले गेले. काही घरांवर ‘माणसांनी राहण्यास अयोग्य’ या अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे रंगवण्यात आली. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात रँडच्या अमलाखाली सैनिक घराघरांत शिरले, सामान बाहेर फेकले गेले, जाळले गेले, काही घरांची जमीनही उकरली गेली. 22 जून 1897 ला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, तो संताप या ‘स्वच्छते’तूनच पेटलेला होता.

एवढे करूनही प्लेग थांबला नाही. दर हिवाळ्यात तो परत येत राहिला.

त्याचे कारण 1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरच्या हाती लागले. प्लेग पसरवतात ते उंदरांवरचे पिसू, हे त्याने प्रयोगाने दाखवले. वैद्यकीय जगाने त्याला जवळजवळ वेड्यात काढले. 1905 मध्ये नव्याने नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेला, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेला, केंद्र करून हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. आयोगाचा एक प्रयोग फार साधा होता. प्लेगग्रस्त जागेत गिनिपिगचे पिंजरे टांगायचे, काही जमिनीपासून दोन इंच उंचीवर आणि काही दोन फूट उंचीवर. दोन इंचांवरच्या प्राण्यांना प्लेग झाला, दोन फुटांवरच्यांना झाला नाही. हवा सगळ्यांना एकच होती. पिसूची उडी मात्र दोन फुटांपर्यंत पोहोचत नव्हती.

दुसरा प्रयोग म्हणजे सुरुवातीला सांगितलेली ती जमीन. जंतूंनी भरपूर माखलेली शेणाची जमीन 48 तासांनंतर संसर्गकारक राहिली नाही. चुन्याची जमीन 24 तासांतच निर्धोक झाली. शेजारी मेलेला उंदीर किंवा पिसू नसेल, तर प्लेगचा जंतू नुसत्या जमिनीवर दोन दिवसही तग धरत नव्हता. ज्या जमिनीसाठी घरे उकरली गेली, ती न उकरताही दोन दिवसांत निर्धोक झाली असती. गटारांत सोडलेल्या त्या लोंढ्यांनी उंदरांना उलट घरांकडेच हुसकावले असावे, असाही तर्क पुढे मांडला गेला.

इथे एक सावधगिरी हवी, कारण या प्रयोगाचा चुकीचा अर्थ काढणे फार सोपे आहे. ‘शेण जंतुनाशक असते हे इंग्रजांनीही सिद्ध केले’ अशी एखादी ओळ त्यावरून सहज तयार होईल आणि मोबाइलवर फिरूही लागेल. आयोगाने असे काही सिद्ध केले नाही. प्लेगचा जंतू शरीराबाहेर नाजूक असतो, एवढेच त्यावरून दिसते. शेणात धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात, आणि नवजात बाळाच्या नाळेला शेण लावण्याच्या प्रथेने असंख्य बाळे दगावली आहेत. चुन्याची गोष्ट थोडी वेगळी. ओला, ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्यात बरेच जंतू टिकत नाहीत. दसरा-दिवाळीला भिंतींना चुन्याचा हात देणाऱ्यांना हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण फायदा त्यांना मिळत होता.

गंमत अशी की ब्लीचिंग पावडर याच चुन्यापासून होते. 1774 मध्ये स्वीडनच्या शेले याने क्लोरीन वायू वेगळा केला. त्याने कापडाचा रंग उडतो, हे फ्रान्समध्ये बर्तोले याने हेरले. 1799 मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट याने विझवलेल्या चुन्यावर क्लोरीन सोडून कोरडी भुकटी बनवण्याचे पेटंट घेतले. या शोधामागे रोगराईचा विचार कुठेच नव्हता. तोपर्यंत कापड पांढरे करण्यासाठी आठवडेच्या आठवडे कुरणांवर उन्हात पसरून ठेवावे लागे. गिरणीमालकांना तो वेळ वाचवायचा होता. ब्लीच जन्माला आले ते पांढरेपणासाठी. आजही त्याची निम्मी प्रतिष्ठा त्याच गोंधळावर उभी आहे. पांढरे दिसले की स्वच्छ वाटते, आणि क्लोरीनचा उग्र वास आला की निर्जंतुक वाटते.

वासाचा हा गोंधळ एकदा उपयोगीही पडला. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस याने शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. प्रेताचा वास जातो, म्हणून त्याने ते निवडले होते. एप्रिलमध्ये 18 टक्क्यांवर असलेले मातांच्या मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये 2 टक्क्यांच्या आसपास आले. इथे रसायन नेमके रोगाच्या वाटेवर, म्हणजे डॉक्टरांच्या हातांवर, पडले होते. मुंबईत वाट पिसूची होती आणि रसायन पडत होते भिंतींवर.

मालवण किनाऱ्यावर क्लोरीन रोगाच्या वाटेवर पडते ते विहिरीत. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉखला 1884 मध्ये कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात सापडला. 1908 मध्ये अमेरिकेत जर्सी सिटीने शहराच्या पाण्यात कायमस्वरूपी क्लोरीन घालणे सुरू केले आणि पुढे बहुतेक शहरांनी ती वाट धरली. कोकणातल्या ग्रामपंचायतीत हीच गोष्ट टीसीएल या नावाने पोहोचली. जलसुरक्षक विहिरीत पावडर टाकतो आणि नळाच्या पाण्याची ओटी चाचणी घेतो. ढोबळ हिशेब असा: चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला 2.5 ग्रॅम, त्यानंतर किमान तासभर थांबणे, आणि शेवटी पाण्यात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असणे. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 2 मीटर पाणी असेल, तर ते सुमारे 14 हजार लिटर भरते. त्याला 35 ग्रॅम पावडर लागते. पाणी गढूळ असेल तर अधिक, कारण क्लोरीनचा बराचसा भाग आधी घाणीशी लढण्यातच संपतो. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात शोषखड्ड्याचे पाणी विहिरीकडे झिरपू शकते. म्हणून ही 35 ग्रॅम पावडर घरातल्या लादीवर ओतलेल्या अख्ख्या बाटलीपेक्षा अधिक मोलाची आहे.

2020 मध्ये हा सगळा इतिहास जणू पुन्हा घडला. चाकरमानी परत निघाले, गावांच्या वेशीवर विलगीकरण आले, आणि सोडियम हायपोक्लोराइटचे पंप रस्त्यांवर, भिंतींवर फिरू लागले. मार्चअखेर बरेलीत तर परतणाऱ्या मजुरांच्या अंगावरच द्रावण मारले गेले. एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला माणसांवर फवारणी करू नका, असे सांगावे लागले. वर्षभराने अमेरिकेच्या सीडीसीने पृष्ठभागाला स्पर्श करून कोविड होण्याची शक्यता दर स्पर्शामागे दहा हजारांत एकाहूनही कमी असल्याचे सांगितले. नेहमीच्या घरासाठी साबण-पाणी पुरेसे ठरले. रोग हवेतून जात होता आणि फवारा जमिनीवर पडत होता. 1897 ची चूक निदान अज्ञानातून झाली होती. 2020 मध्ये परळचे ते प्रयोग होऊन शतक उलटून गेले होते.

मग घरात ब्लीच केव्हा लागते? कुणाला जुलाब-उलट्या झाल्या असतील, रक्त सांडले असेल, पुराचे पाणी घरात शिरले असेल, तेव्हा. त्यातही आधी साबणाने घाण काढावी लागते, कारण घाणीवर ओतलेले ब्लीच वाया जाते. बाटलीत 5 टक्के द्रावण असेल, तर एका भागाला 49 भाग पाणी घालून 0.1 टक्क्याचे द्रावण होते. साध्या पृष्ठभागाला ते पुरते. रक्त किंवा उलटीसाठी एकास नऊ. दहा मिनिटे थांबायचे, खिडक्या उघड्या ठेवायच्या, हातमोजे घालायचे. संडास साफ करण्याच्या आम्लात ते कधीही मिसळायचे नाही. त्यातून निघणारा क्लोरीन म्हणजे 22 एप्रिल 1915 रोजी ईप्रच्या खंदकांवर सोडलेलाच वायू.

रोजच्या लादीला, ओट्याला, पडवीला साबण, पाणी, घासणे आणि कोरडे करणे यांपलीकडे काही लागत नाही. सिंधुदुर्गात ब्लीच आवरते घेण्याला आणखी एक कारण आहे. सप्टेंबर 2016 मध्ये मैदानी प्रदेशांतील सर्वांत स्वच्छ जिल्हा म्हणून सिंधुदुर्गाची निवड झाली, तिचा पाया घरोघरचे शौचालय हा होता. इथली बहुतेक शौचालये शहरी गटाराला जोडलेली नाहीत. ती सेप्टिक टाकीत किंवा शोषखड्ड्यात रिकामी होतात. टाकीतला मैला कुजवून निरुपद्रवी करण्याचे काम जिवाणू करतात, आणि रोज बाटलीभर ब्लीच ओतणारे घर आपल्याच टाकीतल्या त्या जिवाणूंना मारत असते.