पोटभाडेकरूचा पत्ता

जून महिन्यात पहिलीचे प्रवेश सुरू झाले की अर्जातला एक रकाना दरवर्षी अडतो. नाव, जन्मतारीख, वडिलांचा धंदा हे सगळे पटापट सांगितले जाते. 'राहण्याचा पत्ता' आला की समोरची आई गप्प होते. परवा एकीने हळूच सांगितले, "सर, इधर का पता मत डालो. मकानवाले ने मना किया है."

मकानवाला म्हणजे पुनर्वसनाच्या इमारतीत ज्याच्या नावे खोली निघाली तो. तो स्वतः दुसरीकडे राहतो आणि ही खोली भाड्याने देतो. करार नाही, पावती नाही, विजेचे बिल त्याच्याच नावाचे. आमच्या उर्दू शाळेतली बरीच मुले अशाच खोल्यांतून येतात. कायद्याच्या नजरेने ती तेथे राहतच नाहीत.

मुंबईला हे नवे नाही. १८९६ च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि १९२० मध्ये सरकारी डेव्हलपमेंट खाते. त्या खात्याने ५०,००० गाळे बांधायचे ठरवले. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी आणि सुमारे १६,००० गाळे उभे राहिले. भाडे कामगाराला परवडेना, म्हणून वरळीच्या चाळी कित्येक वर्षे अर्ध्या ओसाड होत्या. १९३० च्या सत्याग्रहात सरकारने त्यांचा तुरुंग म्हणूनही उपयोग केला. घर देणाऱ्याचा हिशेब आणि घर घेणाऱ्याची कमाई यांचा मेळ या शहरात फारसा बसलेला नाही. ज्याला खोली मिळे तो तिच्यात आणखी दोन-चार माणसे घेऊन भाडे भागवी. कोकणातून आलेले आमचे खलाशी तर पाळीपाळीने एकाच जागी झोपत.

मग १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला. भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले गेले आणि कलम १५ ने पोटभाडेकरू ठेवण्यास मनाई केली. मनाईने पोटभाडेकरू संपले नाहीत, त्यांच्या पावत्या तेवढ्या संपल्या. माझे आजोबा डोंगरीला असेच एका खोलीच्या कोपऱ्यात राहत. भाडे रोख, हातोहात.

या ठिकाणी इतिहासाने एक वळण घेतले, ते आज फार थोड्यांना आठवते. १९५९ मध्ये सरकारने वटहुकूम काढला आणि २१ मे १९५९ पूर्वीच्या पोटभाडेकरूंना संरक्षण दिले. मूळ भाडेकरूने आधी कोर्टाची धमकी दिली, पुढे तडजोड झाली आणि आजोबांच्या हातात त्यांच्या नावाची पहिली पावती पडली. अब्बा तेव्हा सहा वर्षांचे होते. त्या पावतीवर रेशनकार्ड झाले, रेशनकार्डावर बाकी सारे. पुढे १९७३ मध्ये पुन्हा तसेच घडले. १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्याने जागेत असलेल्यांना कायद्याने भाडेकरू मानले. मालकांवर अन्याय झाला असे म्हणणारे तेव्हाही होते आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. अकरा महिन्यांच्या कराराची मुंबईकर सवय त्या भीतीतून बळावली. पण सरकारने निदान राहणाऱ्या माणसाकडे पाहिले होते.

१९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना आली. झोपडीच्या बदल्यात २२५ चौरस फुटांचे घर फुकट, पुढे ते २६९ आणि नंतर ३०० झाले. अट अशी की दहा वर्षे घर विकायचे नाही, बक्षीस द्यायचे नाही आणि भाड्यानेही द्यायचे नाही. १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याचे कलम ३-ई हेच सांगते. वारसाला मात्र घर जाते. अटीमागचा विचार मला वाईट वाटत नाही. गरिबाच्या हातातले घर दलालाने चार पैशांत उचलू नये आणि ते कुटुंब पुन्हा झोपडीत जाऊ नये, एवढाच तो होता.

पण घर फुकट मिळाले तरी त्यात राहणे फुकट नसते. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातला दिवा, मालमत्ता कर. देखभालीसाठी विकासकाने दर घरामागे २०,००० रुपये ठेव ठेवायची, असा मूळ नियम होता. त्या ठेवीच्या व्याजात सात मजल्यांची लिफ्ट चालवून दाखवावी! मुलीचे लग्न निघाले, आजारपण आले, मुलगे वाढले, की माणूस मुंब्र्याला स्वस्तात जागा घेतो आणि ही खोली भाड्याने देतो. त्याला मी लबाड म्हणणार नाही.

आणि भाड्याने घेणारा? १९९२-९३ च्या दंगलींनंतर आपल्यातले कितीतरी लोक जुन्या वस्त्या सोडून कुर्ला, गोवंडी, मुंब्र्याकडे सरकले. खुल्या बाजारात नाव सांगितले की जागा 'कालच गेली' असते, हे वाचकांना मी काय सांगावे. अशा माणसाला बिनकागदाची खोली हाच आसरा उरतो.

१९९९ चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने लेखी करार आणि नोंदणी बंधनकारक केली, जबाबदारी मालकावर टाकली, आणि करार नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरावे असेही म्हटले. चांगला कायदा आहे. मात्र पुनर्वसनाच्या खोलीतल्या भाडेकरूने त्याचा आधार घ्यायचा म्हणजे 'मी येथे राहतो' हे स्वतःच्या तोंडाने कबूल करायचे. उच्च न्यायालयाच्या दट्ट्यानंतर प्राधिकरणाने घरोघरी पाहणी केली तेव्हा दारावर थाप पडली ती राहणाऱ्याच्याच. नोटीस निघते मालकाच्या नावे, भांडी बाहेर येतात भाडेकरूची. मुदत आता दहावरून पाच वर्षांवर आली आहे. त्या पाच वर्षांत पहिलीतले मूल पाचवी पार करते.

१९५९ सारखी तारीख आज पुन्हा ठरवता येणार नाही का? घराचा हक्क मूळ माणसाकडेच राहू द्यावा. राहणाऱ्याची फक्त नोंद व्हावी, त्याला पावती मिळावी. हे मी एका सभेत म्हटले तेव्हा एक ज्येष्ठ वकील हसले. अशाने सगळेच भाडेकरू ठेवतील, असे ते म्हणाले. सगळ्यांनी ठेवलेच आहेत, असे मी म्हटले नाही.

त्या आईने शेवटी मुंब्र्याच्या बहिणीचा पत्ता दिला. मुलगी शाळेच्या मागच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर राहते आणि घंटा झाली की धावत येते. रजिस्टरप्रमाणे ती रोज पंचवीस किलोमीटरवरून येते. वेळेवर येते.