आधीं रस्ता, मग घर : कोल्हापूरची वाढ

जुनें कोल्हापूर तटाच्या आंत वसलेलें होतें. त्या तटाचा एक अवशेष बिंदू चौकांत अद्याप उभा आहे. महालक्ष्मीच्या देवळाभोंवतीं घराला घर लागून वस्ती दाटली. घरांच्या मधून जी जागा उरली तीच गल्ली झाली.

१८९१ सालीं मिरजेहून आगगाडी आली. १८९४ सालीं शाहू छत्रपतींनीं कारभार हातीं घेतला व पुढच्याच वर्षीं स्टेशनाच्या बाजूस शाहूपुरी वसविण्यास आरंभ केला. हेतु मुख्यतः गुळाच्या व्यापाराचा. पुढें पूर्वेकडे राजारामपुरी वसली. येथल्या गल्ल्या पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमांकानेंच ओळखल्या जातात. हीं नांवें रुक्ष खरीं, पण गल्ली आधीं आंखली गेली आणि घरें मागाहून आलीं, याची तीच साक्ष होय.

जुन्या गांवांत मात्र मंडईला आणि क्रीडांगणालाहि जागा उरली नव्हती. तेव्हां तळीं बुजविलीं. कपिलतीर्थावर मंडई, वरुणतीर्थावर गांधी मैदान, रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम! पावसाळ्यांत गांधी मैदानांत पाणी सांचतें, तेव्हां वरुणतीर्थ आपली जागा विसरलेलें नाहीं असेंच म्हणावें लागतें.

१८५४ सालची नगरपालिका १९७२ सालीं महानगरपालिका झाली. हद्द मात्र त्यानंतर कित्येक दशकें तसूभरहि सरकली नाहीं. शहराला जमीन हवी होती, खेड्यांना घरपट्टीचें आणि शेती जाण्याचें भय होतें. हें भय पोकळ नव्हतें. अखेर २०१७ सालीं हद्दवाढीऐवजीं ४२ गांवांसाठीं निराळें प्राधिकरण स्थापन झालें.

२०२० सालीं मुंबई व कांहीं प्रदेश वगळून राज्यभर बांधकामाची एकच नियमावली लागू झाली. तिचें सूत्र असें कीं, रस्ता जितका रुंद तितकें अधिक बांधकाम. म्हणजे आंखीव पुऱ्यांत मजले चढणें सुलभ. जुन्या पेठेंतील बोळांत वाड्याचा मालक अडलेलाच. रस्त्यासाठीं पुढची पडवी सोडावी, तर मागें घर तें किती राहणार?

पंचगंगेच्या बाजूसहि वाट नाहीं. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांनीं ती बंद केली आहे. निळ्या पूररेषेच्या आंत नव्या घराला परवानगी मिळत नाहीं. म्हणून वस्ती पाचगांव, उचगांव यांच्या शिवारांकडे वळली. तेथें पुष्कळदां प्लॉट आधीं पडतात, आणि रस्ता कोठून न्यावयाचा याची चौकशी घर उभें राहिल्यावर होते.